काहीच काम न करणारी यंत्रं: हलत्या शिल्पांनी तुमच्या हातांना काय सुचवलं?

तिरपी_आस
मी आराखडे करते. पंधरा वर्षं झाली. पडद्यावर रेषा ओढायच्या, मापं टाकायची, बदल करून परत पाठवायचं. काम आवडतं, पण गेल्या वर्षभरात काहीतरी साचल्यासारखं झालं होतं. नवीन सुचणं बंद झालं होतं. जे सुचायचं ते आधी कधीतरी केलेलंच असायचं.

महिन्यापूर्वी आर्थर गॅन्सन या अमेरिकन शिल्पकाराचं एक यंत्र चित्रफितीत पाहिलं. कोंबडीच्या छातीतलं बेचक्यासारखं हाड असतं ना, ते दोन पायांवर चालतंय आणि मागे तारेचा नाजूक गाडा ओढतंय. थकल्यासारखं, पुढे वाकून. मला त्या हाडाची अक्षरशः दया आली. मग नीट पाहिलं तेव्हा कळलं की हाड गाडा ओढत नाहीये, गाडाच त्याला चालवतोय. सगळी चाकं, सगळे दांडे उघडे. काहीही लपवलेलं नाही. तरी दुसऱ्यांदा पाहताना पुन्हा दया आली.

त्या रात्री मी कागद घेऊन बसले आणि बऱ्याच महिन्यांनी हाताने रेखाटन केलं. ते कामाचं नव्हतं. नुसतं एक चाक, त्यावर एक दांडा.

तर प्रश्न दोन आहेत. एक, ज्या यंत्रातून काहीही निघत नाही ते आपल्याला इतकं का ओढतं? आणि दुसरा, जास्त महत्त्वाचा: ही ओढ हातात कशी उतरवायची? तुमच्यापैकी कुणी असं काही करून पाहिलं आहे का? कशापासून सुरुवात केलीत?

सुतळी
वाखूसा (वाचनखूण साठवली). प्रतिसादांची वाट बघतेय. ते हाड मीही पाहिलं आहे, ते चालताना जरा लंगडतं असं मला कायम वाटतं.

कानस
ताई, छान विषय काढलात. मी बेचाळीस वर्षं लेथवर काढली, त्यामुळे 'काहीच काम न करणारी यंत्रं' या शब्दांना माझी हरकत आहे. यंत्र काम करतंच. आस फिरते, दांडा वरखाली होतो, जोर एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो. त्याच्या तोंडातून वस्तू पडत नाही एवढंच. आम्ही कारखान्यात नवीन यंत्र बसवलं की आधी माल न लावता मोकळं फिरवून बघायचो. तो अर्धा तास माझा सगळ्यात आवडता. कान देऊन ऐकायचं, हात लावून थरथर बघायची. माल लावला की लक्ष मालाकडे जातं, यंत्राकडे कुणी बघत नाही. ही शिल्पं म्हणजे तो अर्धा तास कायमचा लांबवलेला आहे, असं मला वाटतं.

तिरपी_आस
काका, 'तो अर्धा तास' हे वाचून काटा आला. शीर्षकातला शब्द चुकला हे मान्य, पण आता बदलत नाही, तुमचा प्रतिसाद अधांतरी राहील.

पाणचक्की
'निरुपयोगी यंत्रं' हा शब्द तसा जुना आणि मानाचा आहे. इटलीचा ब्रुनो मुनारी १९३०च्या दशकात रंगवलेले पुठ्ठे, हलक्या काड्या आणि रेशमी दोरे घेऊन टांगती शिल्पं करायचा आणि त्यांना हेच नाव द्यायचा. आणि माहितीशास्त्राचा पाया घालणारे क्लॉड शॅनन, त्यांच्या टेबलावर एक पेटी असायची. बटण चालू केलं की झाकण उघडायचं, आतून एक हात यायचा, बटण बंद करायचा आणि आत जायचा. संपलं. मूळ कल्पना संगणकशास्त्रज्ञ मार्व्हिन मिन्स्कीची, पेटी बनवली शॅनननी, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला. ज्या माणसाने संदेशातली माहिती मोजायला शिकवलं, त्याला ही पेटी करावीशी वाटली हे मला फार आवडतं.

पण दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहायचं तर मला थिओ यान्सनबद्दल लिहायला हवं. नेदरलँड्सचा हा माणूस. १९९० पासून विजेच्या तारा घालायच्या पिवळट प्लास्टिक नळ्यांमधून प्राणी बनवतो, जे समुद्रकिनाऱ्यावर वाऱ्याने चालतात. 'स्ट्रँडबीस्ट' म्हणतात त्यांना. सगळेजण त्यांचे डौलात चालणारे कळप बघतात. मी मात्र त्याच्या पहिल्या प्राण्याच्या प्रेमात आहे. त्याचे सांधे चिकटपट्टीने बांधले होते. तो उभाच राहू शकत नव्हता. पाठीवर पडून नुसते पाय हलवायचा!

पायाची लांबी-रुंदी ठरवण्यासाठी यान्सनने संगणकात १५०० पाय तयार केले, प्रत्येकाचे दांडे मनाला येतील त्या लांबीचे. कुठल्या पायाचं टोक जमिनीवर सपाट सरकतं आणि मग पटकन उचलून पुढे येतं, ते तपासलं. सगळ्यात चांगले १०० ठेवले, त्यांच्या लांब्यांची आपसात सरमिसळ करून पुन्हा १५०० केले, पुन्हा निवडले. असं बरेच महिने. शेवटी हाती आले ११ आकडे. ११ लांब्यांचं प्रमाण, बस्स. ते त्याने सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. मी त्यावरून पुठ्ठ्याचा एक पाय केला. एकच, चालणारा नाही, भिंतीला खिळ्यांनी लावलेला. हँडल फिरवलं की पावलाचं टोक भिंतीवर पेन्सिलीने आकृती काढतं: खाली सपाट, वर फुगीर, अर्ध्या पावासारखी. चाक गोल फिरतंय आणि त्यातून सपाट रेघ निघतेय, हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं.

दोन_टोकं
थोडं वेगळं मत मांडतो. अशा चित्रफिती मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत. बघताना भारी वाटतं, संपली की पुढची. सहा वर्षांत मी एक चाक बनवलं नाही. प्रेरणा मिळाली असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा करमणूक झालेली असते. ज्याला करायचं असतं तो बघत बसत नाही. तिरपी_आस, तुम्ही एक रेखाटन केलंत. पुढे काय झालं?

तिरपी_आस
पुढे काही झालं नाही, खरं आहे. म्हणूनच धागा काढला.

कानस
दोन_टोकं, तुमचं म्हणणं अर्धं पटतं. बघून हात शिकत नाहीत. पण आम्ही उमेदवारीत पहिले तीन महिने नुसतं उस्तादांच्या मागे उभं राहून बघायचो, हात लावायची परवानगी नव्हती. बघण्यातही फरक असतो. कुठला भाग कुणाला ढकलतोय, हा प्रश्न मनात धरून बघा. चित्रफीत थांबवा आणि पुढे काय हलणार ते कागदावर लिहा. मग पुढे न्या. चुकलात तर त्या चुकीने जे शिकाल ते पन्नास चित्रफितींनी शिकणार नाही.

मंदगती
गॅन्सनचा विषय निघालाच आहे तर त्याच्या काँक्रीटच्या यंत्राबद्दल कुणी लिहिलं नाही? माझ्या नावाला जागून मी लिहितो.

एका टोकाला मोटर, मिनिटाला २०० फेरे. तिला जोडलेल्या वर्म गिअरच्या (आट्यांचा दांडा आणि त्याने फिरणारं दातेरी चाक) १२ जोड्या, प्रत्येक जोडी वेग ५०पट कमी करते. दुसऱ्या टोकाचं शेवटचं चाक काँक्रीटच्या ठोकळ्यात गाडलेलं. मोटर सुखेनैव फिरत असते. कसं शक्य आहे? मी हिशोब मांडला.

पहिलं चाक मिनिटाला ४ फेरे. दुसऱ्याला एका फेरीला साडेबारा मिनिटं. तिसऱ्याला साडेदहा तास. चौथ्याला बावीस दिवस. पाचव्याला जवळपास तीन वर्षं. सहाव्याला दीडशे वर्षं, म्हणजे ते पूर्ण फिरलेलं पाहणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. सातव्याला सात हजार चारशे. असं करत बाराव्या चाकाला एका फेरीसाठी सुमारे २ लाख ३० हजार अब्ज, नाही, थांबा, चुकलो. २.३ लाख कोटी वर्षं. विश्वाचं आजवरचं वय साधारण १३८० कोटी वर्षं धरलं तर त्याच्या १६८पट.

मी हे यंत्र केलं नाही, फक्त हिशोब केला. पण पाचव्या चाकाशी येऊन मी थांबलो होतो. तीन वर्षं. मुलगी तेव्हा पहिलीत होती. ते चाक एकदा फिरेल तेव्हा ती चौथीत जाईल. वेळ ही गोष्ट मला एवढी हाताला लागेल अशी आधी कधी दिसली नव्हती.

सुतळी
मंदगती, आमच्या कार्यालयात फाईल पुढे सरकते ती बहुधा आठव्या चाकाला बांधलेली आहे. :)

अर्धचंद्र
आठव्या चाकाला तीन लाख सत्तर हजार वर्षं लागतात, सुतळीताई. तुमची फाईल नशीबवान म्हणायची, बाराव्याला नाही.

तिरपी_आस
मंदगती, तुमचा प्रतिसाद वाचून मी पुन्हा ते यंत्र पाहिलं. आधी मला ते डोकेबाज वाटलं होतं, कोड्यासारखं. आता मोटरकडून काँक्रीटकडे नजर सरकवताना जे होतं ते कोडं सुटल्याचं नाही. ते कड्याच्या टोकाशी जाऊन उभं राहण्यासारखं आहे.

लोलक
मी शेवटच्या वर्षाला आहे, यंत्र अभियांत्रिकी. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरची टांगती शिल्पं पाहून करायला गेलो, तार आणि पत्र्याचे तुकडे. पण माझं शिल्प तोल सांभाळतच नाही. वजनं मोजून, अंतरं मोजून बिंदू काढला, तरी तार एका बाजूला भस्सकन कलंडते आणि उभीच लटकते. गणित बरोबर आहे, तीनदा तपासलं. कुणी सांगेल का?

खारूताई
लोलक, गणित बरोबर असणार. तार सरळ आहे का? सरळ असेल तर तिला मधोमध किंचित वर वाकव, धनुष्यासारखी कमान कर, आणि टांगायची कडी कमानीच्या माथ्यावर घे. टांगायचा बिंदू दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेच्या वर असायला हवा. रेषेवरच असेल तर ती कशीही राहील, खाली असेल तर कलंडणारच. काल्डरच्या बऱ्याच तारा बघ, त्यांना कमान असते. ती नुसती शोभेची नाही.

आणि दुसरं, वरून सुरुवात करू नकोस. सगळ्यात खालची तार आधी. तिच्या दोन टोकांना पानं लाव, बोटावर तोलून बिंदू शोध, तिथे कडी कर. मग ती अख्खी तार म्हणजे वरच्या तारेचं एक वजन. असं खालून वर चढत जायचं. मी पहिल्यांदा वरून केलं होतं. प्रत्येक नवीन पानागणिक सगळं पुन्हा जुळवावं लागलं आणि तिसऱ्या दिवशी मी ते उचलून माळ्यावर टाकलं.

काल्डरबद्दल थोडं लिहायचा मोह होतोय. तुझ्यासारखाच तोही यंत्र अभियंता, १९१९ची पदवी. पॅरिसमध्ये त्याने तार, बूच, चिंध्यांची एक छोटी सर्कस केली होती, पेट्यांत भरून नेता येईल अशी. स्वतः जमिनीवर गुडघे टेकून एकेक प्राणी, एकेक कसरतपटू हाताने चालवायचा, दोन-दोन तास खेळ चालायचा. मित्रमंडळी बघायला यायची. १९३० साली तो चित्रकार मॉन्द्रियानच्या चित्रशाळेत गेला. भिंतीवर रंगीत पुठ्ठ्यांचे चौकोन लावलेले होते. काल्डर म्हणाला, हे हलले तर काय मजा येईल. मॉन्द्रियान म्हणाला, गरज नाही, माझी चित्रं आधीच पुरेशी वेगात आहेत.

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि काल्डर घरी जाऊन कामाला लागला. सुरुवातीची शिल्पं त्याने मोटर आणि हँडलवर चालवली. १९३१ मध्ये मार्सेल द्युशाँ या कलाकाराने त्यांना 'मोबाईल' नाव दिलं. पण मोटर तेच तेच पुन्हा करते, म्हणून हळूहळू ती सोडून त्याने सगळं वाऱ्याच्या हवाली केलं. आता तुझ्या खोलीत दार उघडलं की शिल्पाला कळतं. मोटरला ते कळत नाही.

लोलक
ताई!!! कमान केली आणि झालं. अक्षरशः दहा सेकंदांत. चार वर्षं स्थिर संतुलन आणि अस्थिर संतुलन यांच्या आकृत्या काढल्या, वाटीत गोळी आणि उलट्या वाटीवर गोळी. तीच गोष्ट माझ्या बोटांत कलंडत होती आणि मी ओळखली नाही.

खारूताई
आता खिडकी उघड आणि बघत बस.

टाचणी
मी वस्तूंच्या जतनाचं काम करते, त्यामुळे दुसरी बाजू सांगते. हलती शिल्पं जतन करणं फार दुखरं काम आहे. चालवलं तर झिजतं, नाही चालवलं तर ते शिल्पच राहत नाही. काल्डरची ती सर्कस आता न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे, पण ती चालवण्याइतकी मजबूत राहिलेली नाही. हलताना बघायची तर जुन्या चित्रफितींतच. स्विस शिल्पकार टिंगेलीची यंत्रं बटण दाबल्यावर ठरावीक वेळ चालतात आणि मग विश्रांती घेतात. मुलं बटणापाशी रांग लावून उभी असतात, ते बघायला मला यंत्राइतकंच आवडतं.

टिंगेली स्वतः मात्र टिकवण्याच्या मागे नव्हता. १७ मार्च १९६० रोजी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत त्याने एक अवाढव्य यंत्र उभं केलं. सायकलची चाकं, पियानो, न्हाणीचं टब, हवामानखात्याचा फुगा, असं बरंच काही. त्याने स्वतःला नष्ट करायचं, हेच त्याचं काम. २७ मिनिटं ते जळत, मोडत, वाजत राहिलं. ठरलेल्या बऱ्याच गोष्टी ठरल्याप्रमाणे झाल्याच नाहीत, आणि शेवटी अग्निशमन दलाच्या माणसाने आग विझवली. टिंगेलीला मदत करणारा बिली क्लूव्हर हा बेल लॅब्ज या संशोधन संस्थेचा अभियंता. त्यातूनच पुढे त्याला कलाकार आणि अभियंते यांना एकत्र आणायची ओढ लागली आणि १९६०च्या दशकात तशी संस्थाच उभी राहिली. राखेतून निघालेली गोष्ट म्हणायची ही.

आणि उलट टोकाला घड्याळजी झाके-द्रो यांचा 'लेखक'. स्वित्झर्लंडमधलं नूशातेल. १७७४ साली पहिल्यांदा लोकांसमोर आणलेला लाकडी मुलगा. पिसाची लेखणी शाईत बुडवतो, झटकतो, लिहितो. डोळे लेखणीच्या मागे मागे जातात. सुमारे ६००० भाग, सगळे त्याच्या पाठीत बसवलेले. एका चाकावरचे खुंटे बदलले की ४० अक्षरांपर्यंत हवा तो मजकूर लिहून देतो. आजही महिन्यातून एकदा त्याला लोकांसमोर चालवतात.

एक २७ मिनिटं, एक अडीचशे वर्षं. मला विचाराल तर दोघंही तितकेच जिवंत.

अर्धचंद्र
टिपू सुलतानाचा वाघ राहिला! माणसाच्या छातीवर बसलेला लाकडी वाघ, आत भाता आणि बाजाच्या नळ्या. हँडल फिरवलं की माणसाचा हात वरखाली होतो, तो कण्हतो आणि वाघ गुरगुरतो. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रज तो घेऊन गेले, आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. एकोणिसाव्या शतकात तो ईस्ट इंडिया कंपनीच्या वाचनालयाशेजारी ठेवला होता. येईल तो हँडल फिरवायचा आणि वाचत बसलेले विद्वान हैराण व्हायचे.

सुतळी
वाघाने सूड घेतला असं म्हणूया. :D

टाचणी
आणि त्या हाताळणीत हँडलच हरवलं होतं. पण खरं सांगते, माझं काम जतनाचं असूनही मला फिरवणाऱ्यांचा राग येत नाही. हँडल दिसलं की हात जाणारच. ज्याने केला त्याने ते फिरवण्यासाठीच लावलं होतं.

दोन_टोकं
वाचतोय सगळं. माझा मुद्दा अजून पूर्ण सुटलेला नाही, पण दुसरीकडे वळला आहे. फ्रान्सच्या व्होकान्सनचं यांत्रिक बदक आठवा. १७३९ची गोष्ट. दाणे खायचं आणि पचवून विष्ठा टाकायचं म्हणून सगळा युरोप थक्क झाला. नंतर कळलं की पचन वगैरे काही नव्हतं, विष्ठा आधीच वेगळ्या कप्प्यात भरलेली असायची. तिथे लपवण्यातून चमत्कार झाला. तिरपी_आसने पहिल्या लेखनात लिहिलंय की हाडाच्या यंत्रात सगळं उघडं आहे आणि तरी दया येते. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. बदकाचं रहस्य कळल्यावर ते संपतं. हाडाचं कळल्यावर वाढतं. माझ्या शेकडो चित्रफितींमध्ये बहुतेक बदकं होती, असं आता वाटतंय.

पाणचक्की
दोन_टोकं, व्होकान्सनची थोडी बाजू घेतो. पंख फडफडवणं, मान वळवणं, पाणी पिणं हे खरोखर यांत्रिक होतं आणि अचाट होतं. एका ठिकाणी त्याने फसवलं, त्यामुळे बाकीची मेहनत विसरली गेली. पण उघड्या यंत्राबद्दलचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

जपानच्या काराकुरी बाहुल्या मधल्या वाटतात मला. चहा आणून देणारी बाहुली: हातावर पेला ठेवला की चालू लागते, उचलला की थांबते, परत ठेवला की वळून माघारी जाते. अंगावर किमोनो, म्हणजे यंत्र झाकलेलं. पण १७९६ मध्ये होसोकावा हान्झो नावाच्या माणसाने आकृत्यांसकट तिची सगळी रचना छापून टाकली. स्प्रिंग देवमाशाच्या तोंडातल्या पट्टीची. त्या आकृत्यांवरून आजही लोक ती बाहुली बनवतात. झाकलं, पण लपवलं नाही.

तिरपी_आस
तीन आठवड्यांनी येतेय. दोन_टोकं, 'पुढे काय झालं' या तुमच्या प्रश्नाने पाठ सोडली नाही, त्याबद्दल मनापासून आभार.

कानसकाकांनी सांगितलं तसं आधी आठवडाभर थांबवून थांबवून बघितलं, अंदाज लिहिले. दहातले सात चुकले. मग एक बुटाचं खोकं घेतलं. आडवी लाकडी काडी, तिच्यावर पुठ्ठ्याची गोल चकती, भोक मध्याला नाही तर बाजूला. चकतीवर टेकलेली उभी काडी खोक्याच्या छतातून वर आलेली, तिच्या डोक्यावर कागदाचा पक्षी. हँडल फिरवलं की पक्षी वर जातो, खाली येतो. एवढंच. चाळीस मिनिटं फिरवत बसले होते.

मग खोड सुचली. उभ्या काडीच्या खालच्या टोकाला आडवी चकती लावली आणि गोल चाक तिच्या मध्यापासून थोडं बाजूला सरकवलं, तर पक्षी वरखाली होता होता स्वतःभोवती फिरायलाही लागला! एकच हँडल आणि दोन हालचाली, आणि मी फक्त एक चाक दोन बोटं सरकवलं होतं.

कामावर काय झालं ते सांगते. एका वाचनालयाच्या लहान मुलांच्या खोलीचं काम आलं. मी पडदा न उघडता पुठ्ठ्याची खोली केली आणि कपाटं दोऱ्याने सरकवून बघितली. कुठलं कपाट कुणाला ढकलतंय, हा प्रश्न मनात धरून. सरकणाऱ्या कपाटांची मांडणी निघाली. एक कपाट ओढलं की मागे बसायचा कोनाडा उघडतो. मी असं याआधी कधी केलेलं नाही. ग्राहकाला आवडेल की नाही, ते पुढच्या आठवड्यात कळेल. मला आवडलं आहे.

आता अडचण. मला पक्षी हळूहळू वर जायला हवाय आणि झपकन खाली पडायला हवाय. शंखाच्या आकाराची चकती कापली. दहा-बारा फेऱ्या छान जातं, मग उभी काडी छताच्या भोकात तिरकी होऊन अडकते. काय करू?

लोलक
ताई, जबरदस्त! फोटो टाका ना.

दोन_टोकं
तिरपी_आस, वाचून फार बरं वाटलं. रविवारी मीही खोकं घेऊन बसतोय. हे इथे लिहून ठेवतो म्हणजे मागे फिरता येणार नाही.

कानस
ताई, अडकणार, कारण चकती काडीला नुसतं वर ढकलत नाही, बाजूलाही ढकलते. छताचा पुठ्ठा पातळ, त्यामुळे काडीला कलायला जागा मिळते. भोकाच्या जागी एक नळी बसवा, काडी सैलसर जाईल अशी, आणि नळी लांब ठेवा. दोन-तीन बोटं लांब. जितकी लांब तितकी काडी कमी कलेल. नळीत शिसपेन्सिलीची पूड चोळा, तेल नको, पुठ्ठा फुगेल. शंखाचा चढ एकदम उभा असेल तर थोडा आडवा करा, म्हणजे चकती मोठी कापा. खाली पडायला वजन लागतं, कागदाचा पक्षी फार हलका, त्याच्या पोटात एक छोटं नट चिकटवा.

आणि हँडल एकाच बाजूला फिरवायचं. शंख उलटा फिरवला की काडी उभ्या कडेवर आदळून मोडते. मुलं येणार असतील तर खोक्यावर बाण काढून ठेवा.

सुतळी
बाण काढला तर मुलं आधी उलटंच फिरवतील, काका.

कानस
मग दोन काड्या जास्तीच्या कापून ठेवा, ताई.

तिरपी_आस
नळी म्हणून संपलेल्या पेनाची बाहेरची नळी कापून बसवली. पोटात नट. आत्ताच मोजून दोनशे फेऱ्या केल्या, एकदाही अडकलं नाही. पक्षी वर जाताना आता इतका सावकाश जातो की तो विचार करतोय असं वाटतं, आणि मग टपकन पडतो. काड्या सहा कापून ठेवल्या आहेत.